पोपटराव चोर होतात

मार्चमधली टळटळीत दुपार होती आणि सत्यजीत टोपीवालं काळं जाकीट घालून, खिडक्यांना काळी कापडं लावलेल्या खोलीत घामानं निथळत बसला होता. समोरच्या लॅपटॉपवर हिरवी अक्षरं वरून खाली घरंगळत होती. तो दोन्ही हातांनी कीबोर्ड असा काही बडवत होता, की शेजारच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. कॅमेऱ्यामागून रुपालीनं 'अजून जोरात' अशी हातानंच खूण केली.

दारात सत्यजीतचे वडील, पोपटराव, उभे होते. खोली त्यांच्याच घरातली, एरवी पेंडीची पोती ठेवायची. त्यामुळं चाललंय काय हे विचारण्याचा त्यांना पुरता हक्क होता.

"ह्यो काय करतोय?"

"हॅक करतोय, आबा," रुपाली हळू आवाजात म्हणाली.

"काय हॅक करतोय?"

"तुळजाकाकूंचं बँकेतलं खातं."

पोपटरावांनी जरा विचार केला. तुळजाबाई म्हणजे त्यांचीच बायको. "तिचं खातं उघडायला यवढा कुटाणा? तिचं पासबुक, कार्ड आन् कार्डाचा नंबर लिव्हलेली चिठ्ठी, समदं एकाच पिशवीत हाय. पिशवी फ्रीजवर. मला इचारलं आसतं तर सांगितलं आसतं की."

सत्यजीतनं टोपी मागं सारली आणि तो पोट धरून हसायला लागला. रुपालीनं कॅमेरा बंद केला. ती हसली नाही, कारण काम तिचं होतं.

रुपालीचा केडगावात लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. हळद, वरात, कॅमेऱ्याकडं बघून डोळे पुसणाऱ्या आत्या, हे सगळं टिपून ती कंटाळली होती. अशात तालुक्यातल्या बचत गटांच्या बायकांनी तिला सांगितलं, की फोनवरून होणाऱ्या फसवणुकीवर दहा मिनिटांची फिल्म करून दे, आम्ही मेळाव्यात दाखवू. लग्नाशिवायचं हे तिचं पहिलंच काम. तिनं आजवर पाहिलेल्या सगळ्या पिक्चरमधला अंधार, जाकीट आणि हिरवी अक्षरं गोळा केली आणि ती थेट भांडगावला आली. कारण इथला तिचा शाळासोबती सत्यजीत खरोखरच ह्या धंद्यातला होता. पुण्यात मोठ्या कंपन्या त्याला पगार देऊन स्वतःच्याच घरात चोरी करायला लावत, कुठलं दार उघडं राहतंय ते कळावं म्हणून. पोपटराव मात्र कुणी विचारलं की 'कॉम्प्युटरात हाय' एवढंच सांगत. पोरगा पगारी चोर आहे, हे चारचौघांत सांगायचं कसं?

"रुपे, असलं काही नसतं गं," सत्यजीत जाकीट काढत म्हणाला. "पिक्चरमधला हॅकर चार बटणं दाबतो आणि 'शिरलो आत' म्हणतो. माझा निम्मा वेळ वाट बघण्यात जातो आणि निम्मा रिपोर्ट लिहिण्यात. ही हिरवी अक्षरं मी जन्मात कामावर बघितली नाहीत, तुझ्यासाठी युट्यूबवरून उतरवलीत. मागं एका कंपनीत शिरायचं होतं. मी लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. दोन्ही हातांत पेढ्यांचे बॉक्स घेऊन दारापुढं उभा राहिलो. वॉचमननं आपणहून दार धरलं, वर म्हणाला, साहेब, सावकाश."

"पेढ्याच्या बॉक्सची भीती वाटते का कुणाला? लोकांना हिरवी अक्षरं दिसली की कळतं, चोरी चाललीय."

"आणि दिसली नाहीत की कळत नाही. घोटाळा तोच आहे ना!"

हे रुपालीला पटलं, पण रुचलं नाही. तिनं अंधाराचं प्रकरण बाजूला ठेवलं आणि फोनचा प्रसंग घ्यायचं ठरवलं. फसणारी बाई म्हणून तुळजाबाईंना ओट्यावर गहू निवडायला बसवलं. सत्यजीतनं खोलीतून फोन लावायचा, घोगऱ्या आवाजात बोलायचं, त्यांनी घाबरायचं आणि ओटीपी सांगून टाकायचा, असं ठरलं.

"मी बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड ब्लॉक झालंय."

"हुं दे की," तुळजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

"काकू, घाबरायचंय तुम्हाला!"

"अगं, पण कुणालाबी फोन लावला की आधी ती फोनातली बाई सावध ऱ्हावा म्हणून कानीकपाळी वरडती. आन् मी ह्या घोगऱ्याला भिऊ? मला काय येड लागलंय व्हय?"

पुन्हा केलं, तर त्यांना हसू फुटलं. त्यानंतर त्या घाबरल्या खऱ्या, पण गौरीच्या आरतीला उभं राहावं तसा चेहरा करून. रुपाली कपाळाला हात लावून पायरीवर बसली. तिच्याकडं बघून पोपटरावांना राहवेना.

आता पोपटरावांबद्दल सांगायला हवं. ह्या गृहस्थांना शेतीइतकाच नाद होता तो सोयरिकी जमवायचा. दौंड आणि शिरूर ह्या दोन तालुक्यांतली कितीतरी घरं त्यांनी एकमेकांना बांधून दिली होती, आणि मिरवायला मिळणाऱ्या फेट्यापलीकडं त्यांनी कुणाकडून काही घेतलं नव्हतं. त्यांचं सगळं काम फोनवर चाले. पलीकडच्या घराची शेती, विहिरीतला वाटा, भाऊबंदकी, दुखणीखुपणी, सगळं ते बसल्या जागी काढून घेत, आणि सांगणाऱ्याला आपण काही सांगितलं असं वाटतसुद्धा नसे. कारण ते विचारतच नसत. ते चुकीचं बोलत. 'पोरगी बारावी झालीय ना?' असं म्हटलं, की पलीकडची आई उसळून म्हणे, 'आवो, बारावी कशाची, बीएस्सी हाय!' आणि मग कॉलेज, वसतिगृह, खर्च कुणी केला, सगळं ओळीनं बाहेर येई. कमी सांगितलेलं माणसाला सोसत नाही, हे पोपटरावांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना ते आपसूक येत होतं.

एवढं असूनही त्यांची सख्खी भाची अजून लग्नाची होती. अनिता दौंडला एका दवाखान्यात नर्स होती. तिची आई भागुबाई, म्हणजे पोपटरावांची बहीण, भावाला कधी एका शब्दानं बोलत नसे, आणि तेच त्यांना लागे. साऱ्या दुनियेची लग्नं लावणाऱ्या मामानं भाचीपुरते हात टेकले, असं लोक म्हणत असतील, ह्या विचारानं ते कधीकधी जेवता जेवता थांबत. आता मात्र केंदूरचं स्थळ चांगलं रंगात आलं होतं. मालनबाईंचा मुलगा माऊली रांजणगावच्या एका कारखान्यात होता. मायलेक येऊन अनिताला बघून गेले होते आणि दोन्हीकडं पसंती होती. सुपारी फोडायची तारीख तेवढी धरायची राहिली होती.

त्यात एकच खडा होता. अनिताचा साखरपुडा मागं एकदा झाला होता आणि मोडला होता. मोडला तोही तिनंच. पोपटरावांनी केंदूरला हे अजून सांगितलं नव्हतं. अनिता प्रत्येक फोनला म्हणायची, "मामा, सांगा त्यांना." ते म्हणायचे, "सांगू गं. जमल्यावर सांगू."

तर असे पोपटराव ओट्यावरून उठले, त्यांनी सत्यजीतच्या हातातून फोन घेतला आणि ते गोठ्यामागं गेले. "रुपाली, तुजं ते यंत्र चालू कर," असं जाता जाता म्हणाले.

तुळजाबाईंचा फोन वाजला.

"ताई, गॅसच्या हापिसातनं बोलतोय. तुमची सबशिडी भागुबाईंच्या नावावर जाया लागलीय. भागुबाई तुमच्या सूनबाई ना?"

"न्हाई ओ, नणंद हाय ती माझी." तुळजाबाईंचे हात गव्हात थांबले. "तिच्या नावावर कशी काय गेली?"

"नणंद व्हय! मग त्या तुमच्यातच ऱ्हायला आस्त्याल."

"आमच्यात कशाला? दौंडला आस्ती. तिचं येगळं, आमचं येगळं. माझी सबशिडी तिला दिली कुणी?"

"म्हनूनच फोन केला, ताई. आत्ता नीट करतो. तुमच्या मोबाईलवर एक नंबर आला आसंल. माझ्याकडं त्यो चव्वेचाळीसनं सुरू झालेला दिसतोय. बराबर हाय न्हवं?"

रुपालीनं ठरल्याप्रमाणं एक खोटाच नंबर मेसेज करून ठेवला होता. तुळजाबाईंनी चष्मा वर केला, मोबाईल लांब धरला आणि रागारागानं म्हणाल्या, "चव्वेचाळीस कुठलं? तुमच्या हापिसात समदाच उजेड हाय! सत्तर हाय सत्तर. लिव्हून घ्या, सत्तर, एकवीस, नव्वद. झालं का? आन् त्या भागुबाईचं नाव काढा आधी."

"काढलं," पोपटराव म्हणाले आणि फोन बंद झाला.

तुळजाबाईंनी मोबाईलकडं पाहिलं, मग रुपालीकडं, मग गोठ्यामागून येणाऱ्या नवऱ्याकडं. आवाज नवऱ्याचा आहे, हे त्यांना पहिल्या शब्दापासून ठाऊक होतं. तरीही.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "दिला की म्या."

रुपालीनं तो सगळा प्रसंग एकाच दमात टिपला होता. संध्याकाळपर्यंत तिनं खोलीतली काळी कापडं काढून घडी घातली. सत्यजीत तर वडिलांकडं जन्मात पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघत होता. "आबा, आमच्या ऑफिसात ह्याचं ट्रेनिंग देतात. बाहेरून माणसं बोलावून." पोपटरावांनी मिशीवरून हात फिरवला. पोराच्या आणि आपल्या कामात काही साम्य असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि ते आहे म्हटल्यावर त्यांना मनापासून आनंद झाला.

फिल्म मेळाव्यात दाखवली आणि बायकांनी ती परत लावायला लावली. तुळजाबाईंचं 'अगं बया' येताच सगळा मांडव हसला, आणि मग हळूहळू गप्प झाला, कारण प्रत्येकीला आपणही दिला असता असं वाटलं. रुपालीला तिथल्या तिथं दुसऱ्या तालुक्याचं काम मिळालं. फिल्म फोनाफोनी गावोगाव गेली. चौफुल्याला पोपटरावांना अनोळखी माणसं थांबवून म्हणू लागली, "आबा, लई भारी चोर हाय तुमी!" पोपटराव लाजत आणि चहा पाजत.

गंमत सरली ती लग्नसराई तोंडावर आली तेव्हा.

पोपटरावांनी पारगावला एका मुलाच्या बापाला फोन लावला आणि नेहमीप्रमाणं सुरुवात केली, "पोराची नोकरी सुटली म्हनं?" पलीकडून खदखदून हसण्याचा आवाज आला. "आबा, म्या पिच्चर बघितलाय. आता सुटली म्हणा न्हाईतर लागली म्हणा, म्या तोंड उघडत न्हाई." दुसऱ्या एका घरी बाईंनी 'थांबा, मालकांना इचारते' म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच. न्हावऱ्याच्या एका ओळखीच्या माणसानं तर त्यांचा नंबर मोबाईलमध्ये 'चोर आबा' म्हणून टाकून ठेवला होता, आणि हे त्यानं स्वतःच कौतुकानं सांगितलं. पोपटराव हसण्यावारी नेत होते. पण रविवारी त्यांनी केंदूरला फोन केला आणि हसू जागच्या जागी आटलं.

"मालनबाई, पोपटराव बोलतोय. सुपारीचं काय ठरलं मग?"

"कोन पोपटराव? पिच्चरमधलं?"

"आवो, अनिताचा मामा."

"तेच ते." मालनबाईंचा आवाज थंड होता. "बघितला म्या पिच्चर. त्या बाईला जसं गुंडाळलं, तसंच मला गुंडाळलं तुमी. 'माऊली अजून कंत्राटीच हाय ना' म्हनला, आन् मी आपली भडाभडा बोलत सुटली. हिरीचा वाटा, दिराचं भांडान, मालकांचं आपरेशन, समदं काढून घेतलं माझ्याकडनं. आन् तुमी मला काय सांगितलं? पोरगी गुणाची हाय. झालं! आसल्या माणसाच्या घरची पोरगी मला नगं."

फोन बंद झाला. पोपटरावांनी पुन्हा लावला, तर लागेना. संध्याकाळी सत्यजीतनं वडिलांचा मोबाईल हातात घेऊन पाहिला आणि सांगितलं, "ब्लॉक केलंय, आबा."

त्या रात्री पोपटराव नीट जेवले नाहीत. चोराचं काम इतकं चांगलं वठलं, की खऱ्या कामाची माती झाली. बरं, राग कुणावर काढायचा? मालनबाई बोलल्या त्यात खोटं काहीच नव्हतं. सगळ्यात वाईट ह्याचं वाटत होतं, की मार त्यांनी खाल्ला असता, पण बसला होता अनिताला. बहिणीला कोणत्या तोंडानं सांगायचं, हे त्यांना कळेना.

सांगायची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अनिता दौंडहून स्वतःच आली. तिला सुट्टी होती आणि सत्यजीतनं रात्रीच तिला सगळं सांगितलं होतं. "चला केंदूरला," ती म्हणाली. "सत्यजीतची गाडी मी चालवते."

"तू? लग्नाआधी पोरीनं त्यांच्या दारात जायाचं?"

"मी गाडीत बसेन. तुम्ही जा आत."

पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडून गाडी शिरूर तालुक्यात शिरली. न्हावऱ्याला रसवंतीवर थांबून अनितानं मामाला उसाचा रस पाजला, आणि तो बर्फ न घालता द्यायला लावला, कारण मामाचा घसा तिला माहीत होता. ती रेडिओवरचं गाणं गुणगुणत गाडी चालवत होती. हिला काळजी कशी नाही, असं पोपटरावांच्या मनात येऊन गेलं. ही पोर पहिल्यापासून अशीच. तिच्याकडं बघून त्यांना बरं वाटलं आणि मग जास्तच वाईट वाटलं.

केंदूरला मालनबाई अंगणात कांद्याच्या ढिगापुढं बसून पात कापत होत्या. त्यांनी पोपटरावांना पाहिलं, उठल्या, तांब्याभर पाणी आणून दिलं आणि परत जाऊन बसल्या. चहाचं नाव काढलं नाही. घरी आलेल्या पाहुण्याला चहा विचारला नाही म्हणजे काय, हे पोपटरावांना सांगायची गरज नव्हती.

ते खाटेच्या कडेवर टेकले. काहीतरी बोलायला हवं म्हणून सवयीनं बोलून गेले, "यंदा कांदा बारीकच पडला म्हणायचा."

"बारीक? आवो, यंदा तर..." मालनबाई म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या. त्यांनी हातातला विळा खाली ठेवला. "पुन्यांदा?"

पोपटरावांचा चेहरा उतरला. "न्हाई हो. देवाशपथ न्हाई. ते आपोआप येतंय तोंडात. कांदा चांगला मोठा हाय."

मालनबाईंना हसू येत होतं, पण त्यांनी ते दाबलं. "हे बघा, पाव्हणं. तुमी वाईट मानूस न्हाई हे मला कळतंय. पण फशिवणारा बी ग्वाडच बोलतो. समोरच्याचं समदं काढून घेतो, आन् सोताच्या तोट्याचं कवा बोलत न्हाई. त्या पिच्चरमदी मला एवढंच उमगलं. तवा मला एक तरी गोष्ट आशी सांगा, जी सांगून तुमचाच तोटा हुईल. मग म्या तुमाला मानते."

पोपटरावांनी बराच वेळ टोपीशी चाळा केला. "अनिताला भाकरी थापता येत न्हाई," ते अखेर म्हणाले.

"माझी बी गोल हुत न्हाई. दुसरं सांगा."

दुसरं एकच होतं, आणि ते जिभेवर येऊन बसलं होतं. ते सांगितलं की केंदूर संपलं, हे पोपटरावांना लख्ख दिसत होतं. न सांगता उठलं तरी संपलंच होतं. पण न सांगता उठायचं आणि बाहेर गाडीत बसलेल्या पोरीला तोंड दाखवायचं, हे त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं.

"अनिताचा साखरपुडा झाला हुता," ते म्हणाले. "तिकडच्या लोकांनी आधी नोकरी करू देतो म्हनून सांगितलं आन् अंगठी घातल्यावर म्हनाले, दवाखाना सोड. तिनं मला इचारलं न्हाई, आईला इचारलं न्हाई. एकटी गेली, त्यांच्या वट्यावर अंगठी आन् साडी ठिवली आन् आली. लोकांत म्या सांगत आलो की पत्रिकेत घोळ निघाला. घोळ कुठलाबी नव्हता. मोडलं तिनं. आन् त्याचं मला कवा वाईट वाटलं न्हाई, मालनबाई. मला तिचा अभिमान वाटला. फकस्त दुसऱ्याला सांगायचं भ्या वाटत हुतं."

सगळं एका दमात बोलून झालं आणि पोपटरावांना एकदम हलकं वाटलं. तोटा व्हायचा तो झाला होता. ते उरलेलं पाणी प्यायले.

मालनबाई काही वेळ पात कापत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "गाडीत कोन बसलंय?"

"अनिता."

"आन् पोरीला उनात ठिवून तुमी माझा कांदा बघत बसलाय?"

त्या तरातरा उठल्या, पदराला हात पुसत रस्त्यापर्यंत गेल्या आणि त्यांनी गाडीचं दार उघडलं. पोपटराव मागून धावल्यासारखे गेले. अनिता खाली उतरली आणि वाकून पाया पडली.

"अंगठी परत देताना हात थरथरला का गं?" मालनबाईंनी विचारलं.

"थरथरला, मावशी. पण घरी आल्यावर झोप चांगली लागली."

मालनबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. मग त्या पोपटरावांकडं वळल्या, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "आता माझंबी ऐका, पाव्हणं. माऊली परमनंट न्हाई. कंत्राटीच हाय अजून. तुमी फोनवर 'कंत्राटी हाय ना' म्हनला, तवाच मला कळलं की तुमाला परमनंट पायजे. म्हनून म्या तसं सांगितलं."

चुकीचं बोललं की समोरचा खरं सांगतो, ह्या एका भरवशावर पोपटरावांनी हयात काढली होती. ह्या बाईनं त्यांना त्यांच्याच चुकीतून हवं तिथं नेऊन बसवलं होतं, तेही फोनवर बोलता बोलता. रागवावं की पाया पडावं हे त्यांना सुचेना, आणि तेवढ्यात त्यांना धास्तीनं अनिताची आठवण झाली. त्यांनी वळून पाहिलं.

अनिता शांत होती. "मला माहितीय," ती म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"माऊली कंत्राटी आहेत ते. बघायला आले होते, तेव्हा गच्चीवर आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, नोकरी पक्की आहे का? ते म्हणाले, नाही, दोन वर्षांनी होईल, नाही झाली तर दुसरी बघेन. मग त्यांनी विचारलं, तुमचं आधी कुठं जमलं होतं का? मी अंगठीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं केलंत."

"आगं मग मला का न्हाई सांगितलंस?" पोपटराव जवळजवळ ओरडलेच.

"मी माझ्या माणसाला सांगितलं, मामा. ह्यांना सांगायचं काम तुमचं होतं. ते तुमच्या तोंडूनच यायला हवं होतं."

मालनबाई अनिताकडं बघत राहिल्या, मग पोपटरावांकडं. त्यांचा पदर तोंडावर गेला आणि खांदे हलू लागले. दाबून धरलेलं हसू सगळंच बाहेर आलं, आणि ते पाहून पोपटरावांनाही आवरेना. भर रस्त्यात दोघं म्हातारी माणसं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत उभी राहिली.

"चला आत," मालनबाई डोळे पुसत म्हणाल्या. "च्या टाकते. आन् येवढं सांगा मला, पाव्हणं, आपुन दोघं इतके दिस फोनवर करत काय हुतो?"